बारा मीटरचा पतंग आणि आपली संक्रांतीची सवय
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

गेल्या सेमिस्टरच्या शेवटी आमच्या विंगमध्ये एक ठराव पास झाला. चौघांनी वर्गणी काढून काईटबोर्डिंगचा एक जुना, सेकंडहँड सेट घ्यायचा, फेब्रुवारीत गोव्याला मोरजीच्या किनाऱ्यावर जायचं आणि व्हिडिओ बघून बघून शिकायचं. इन्स्ट्रक्टरचे पैसे वाचतील, त्यात दोन दिवस जास्त राहता येईल, असा हिशेब. विरोधात मत एकट्या माझं होतं, कारण मी मागच्या वर्षी तिथेच तीन दिवस शिकून आलो आहे आणि डाव्या कोपरावर त्याची पावती अजून आहे. मेसच्या टेबलावर वाद घालून काही निष्पन्न होईना, तेव्हा संपादकांकडे दोन पानं मागितली.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कमरेला हार्नेस, हार्नेसला अडकवलेला मोठा पतंग, पायाखाली बोर्ड. पतंग ओढतो, आपण पाण्यावरून घसरतो. हवा भरलेल्या नळ्यांचा, पाण्यात पडला तरी न बुडणारा पतंग ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी केला. त्याचं पेटंट १९८४ चं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, शर्यती मार्सेलच्या समुद्रात झाल्या. म्हणजे खेळ वेड्यांचा नाही. पण शिकणाऱ्याला तो कुठे गाठतो हे समजायला आपल्याकडे सेकंड इयरचं फ्लुइड मेकॅनिक्स आहे. के.टी. लागली असली तरी सूत्र आठवत असेलच.

बल = ½ × घनता × वेगाचा वर्ग × क्षेत्रफळ × गुणांक. हवेची घनता १.२ धरा, पतंग बारा चौरस मीटरचा (हे लोक त्याला नुसतं 'बारा मीटर' म्हणतात), गुणांक ढोबळमानाने १. वारा सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी २९ किलोमीटरच्या आसपास. उत्तर येतं साधारण ४६० न्यूटन, म्हणजे ४७ किलोची ओढ. सत्तर किलोच्या पोराला झेपण्यासारखी. आता एक झोत आला आणि वेग ८ वरून १२ झाला. दीडपट वारा, पण वर्गामुळे ओढ सव्वादोन पट: १०६ किलो. पाय जमिनीवर राहतील का, तुम्हीच सांगा.

आणि ही झाली एका जागी उभ्या असलेल्या पतंगाची गोष्ट. खरी गंमत पुढे आहे. पतंग जेव्हा हवेतून आडवा धावतो, तेव्हा त्याला लागणारा वारा हा नुसता समुद्रावरचा वारा राहत नाही, त्यात पतंगाचा स्वतःचा वेग मिसळतो. लागणारा वारा दुप्पट झाला की ओढ चौपट. आपल्या आठ मीटरच्याच वाऱ्यात १८८ किलो! झोत नाही, वादळ नाही, फक्त बार एका बाजूला जास्त ओढला गेला आणि पतंगाने गोत खाल्ली, एवढंच कारण.

यासाठी पहिल्या दिवशी वाऱ्याची खिडकी शिकवतात. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. डोक्यावर बारा वाजले, उजव्या हाताला तीन, डाव्या हाताला नऊ. या कमानीच्या कडेवर पतंग शांत असतो. समोर, मधोमध, खाली आला की तिथे सगळी ताकद. नवशिक्याचा पतंग कडेवर टिकत नाही, पुन्हा पुन्हा मधल्या भागात शिरतो, आणि शिरताना वेगात शिरतो. म्हणून शाळेत आधी दोन-तीन मीटरचा छोटा सरावाचा पतंग देतात. आमच्या ठरावात तो नव्हता. कारण काय, तर "त्यात मजा नाही".

आता माझी पावती. दुसरा दिवस, वाळूवर उभा, हातात सात मीटरचा पतंग. रिलीज कशी दाबायची ते सकाळीच दहा मिनिटं शिकवलेलं, मी मान डोलावून "येस सर" म्हणालेलो. वारा किंचित वाढला, पतंग डावीकडे झुकला, आणि मी जे केलं ते आपण सगळेच करू. लहानपणापासून संक्रांतीला गच्चीवर एकच शिकलोय: पतंग हातातून जायला लागला की मांजा घट्ट धर आणि ओढ. मी बार छातीशी ओढला. इथे मात्र बार ओढला की पतंगाचा वाऱ्याशी होणारा कोन वाढतो, म्हणजे ताकद वाढते. ताकद वाढली म्हणून मी घाबरलो, घाबरलो म्हणून आणखी ओढला. कंट्रोल सिस्टिम्सचे सर याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतील. मी तोंडावर आपटलो आणि पंधरा-वीस पावलांचं अंतर वाळूत नांगरत गेलो. मागून इन्स्ट्रक्टर "सोड, बार सोड!" ओरडत धावत होता, ऐकू येत होतं, पण बोटं उघडेनात. शेवटी त्याने हार्नेसला मागून धरलं आणि पतंग आदळला. कोपर सोललं, चष्मा गेला. समोर मोकळी वाळू होती म्हणून एवढ्यावर भागलं.

सांगायचं ते हे, की रिलीज कुठे आहे हे मला पाठ होतं. व्हायव्हात विचारलं असतं तर पैकीच्या पैकी! क्रम असा असतो: आधी बार सोडून द्यायचा, बहुतेक वेळा एवढ्यानेच ओढ मरते. नाही मेली तर चिकन लूपवरची क्विक रिलीज पुढे ढकलायची. पतंग एकाच दोरीवर फडफडत पडतो. तरीही ओढत असेल तर लीशची रिलीज, आणि पतंगाला रामराम. तीन पायऱ्या, दोन-तीन सेकंदांत. माणूस सेकंदाला पाच-सहा मीटरने ओढला जात असेल, तर पन्नास मीटरवरचं कुंपण दहा सेकंदांच्या आत येतं. विचार करायला तिथे वेळ नसतो, हाताला सवय असावी लागते.

घरच्यांना वाटतं, धोका बुडण्याचा. तो आहेच, पण मोठी दुखापत बऱ्याचदा किनाऱ्यावर होते, कारण पाणी मऊ आणि भिंत कडक. ऑगस्ट २००८ मध्ये 'फे' वादळाच्या वाऱ्यात फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलला एक जण असाच उचलला गेला, वाळूवर आपटला आणि रस्ता ओलांडून इमारतीवर जाऊन धडकला. तो वाचला. त्याची फीत जगभर दाखवली गेली, आणि आमच्या चौघांपैकी दोघांनी ती "काय भारी उडालाय" म्हणून बघितली आहे!

त्यामुळे पतंग उडवताना आणि उतरवताना सगळ्यात जास्त भान ठेवायचं. दोऱ्या साधारण २४ मीटरच्या असतात. वारा जिकडे जातो त्या बाजूला निदान दोन दोऱ्यांइतकी जागा मोकळी हवी: शॅक नको, माड नको, खुर्च्या नकोत, माणसं तर नकोतच. पतंग धरायला प्रशिक्षित माणूस हवा, उत्साही पर्यटक नव्हे. दोऱ्या नीट लागल्यात का हे दोघांनी तपासायचं. डावी-उजवी उलटी जोडली तर पतंग आपल्या मनाविरुद्ध सरळ मधल्या भागात जातो. ताणलेल्या दोरीला हात लावायचा नाही, बोटाभोवती गुंडाळायची तर मुळीच नाही. नायलॉन मांजाने गळा कापल्याच्या बातम्या दर संक्रांतीला वाचतो ना? इथली प्रत्येक दोरी दोनशे किलोच्या पुढचा ताण घेते.

मोरजीचं वेगळं सांगतो. फेब्रुवारी ते मे दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो, किनाऱ्याला तिरपा. ही दिशा शिकायला चांगली, चुकलात तरी परत वाळूवरच येता. जमिनीकडून समुद्राकडे वारा असेल तर पतंग पिशवीतून काढायचासुद्धा नाही, कारण परतीचं तिकीट नसतं. दक्षिण टोकाला शापोरा नदीचं मुख आहे. ओहोटीला तिथलं पाणी जोरात बाहेर जातं, आणि बोर्ड हातातून सुटलेल्या नवशिक्याला ते पोहून कापणं कठीण. आपला एक जण कृष्णेच्या पुरात पोहणारा आहे, ठाऊक आहे मला, तरीही. वारा संध्याकाळी मरतो आणि पतंग पाण्यात बसतो. तेव्हा दोऱ्या गुंडाळून, पतंगालाच तराफा करून परतायची पद्धत आधी शिकलेली असावी. एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीवर काळे ढग चढलेले दिसले तर ते इकडे येण्याची वाट बघू नका, पतंग उतरवा.

हेल्मेट आणि तरंगणारं जॅकेट यावर वाद नको. बोर्ड पायाला किंवा कमरेला दोरीने बांधण्याची युक्ती कोणीतरी सुचवेल, ती ऐकू नका. ताणलेली दोरी बोर्ड परत आणते, पण सरळ डोक्यावर.

आता आपल्या ऐतिहासिक सेटबद्दल. तो आला, आणि मी तो वर्कशॉपच्या मागे नेला. चिकन लूप लोखंडी खांबाला अडकवला, दुसऱ्या टोकाला दोघे लटकले, मी रिलीज ढकलली. उघडली नाही. पुन्हा ढकलली, नाही. आत वाळू आणि मिठाचे खडे. बादलीभर गोड्या पाण्यात रात्रभर ठेवल्यावर सकाळी चौथ्या झटक्याला उघडली. सेफ्टी लीश तर सेटमध्ये नव्हतीच. विकणाऱ्याने ती "लागत नाही" म्हणून सांगितलं होतं.

ठरावात दुरुस्ती झाली आहे. दोन दिवस कमी राहायचं, त्या पैशात इन्स्ट्रक्टर. जुना बार बाद, पतंगाला वेगळा नवा बार बसतो का ते तिथेच विचारायचं. सरावाचा तीन मीटरचा पतंग मिळाला आहे. रविवारी सकाळी सात वाजता ग्राउंडवर, गोलपोस्टला हार्नेस बांधून, डोळे मिटून रिलीज ढकलायची प्रॅक्टिस असते, प्रत्येकी दहा वेळा. मागच्या रविवारी मला दहापैकी सात जमल्या.