‘ट्रस्ट’ या शब्दाविषयी थोडेसे

संस्थेच्या पावतीवर, पाटीवर व अहवालावर ‘ट्रस्ट’ हा शब्द आपण इतक्या वेळा वाचतो की, त्याचा अर्थ कोणी विचारीतच नाही. शब्द एवढासा, पण त्याच्या पोटात एक मनाचा व एक कायद्याचा असे दोन अर्थ नांदत आहेत.

इंग्रजीत हा शब्द आला तो उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांच्या प्राचीन नॉर्स भाषेतून. तेथे ‘ट्राउस्ट’ म्हणजे भरवसा, आधार. जर्मन भाषेतील ‘ट्रोस्ट’, म्हणजे सांत्वन, हा त्याचाच भाऊबंद. ‘खरा’ या अर्थाचा ‘ट्रू’ हाही त्याच कुळातला. आणि बहुतेक भाषापंडित हे कूळ ‘झाड, लाकूड’ अशा अर्थाच्या मुळापर्यंत नेऊन भिडवितात. संस्कृतातील ‘द्रुम’ आणि ‘दारु’ तेथलेच. देवदारातील ‘दार’ तोच. झाडासारखे जे हलत नाही ते खरे, अशी कल्पना त्यामागे असावी. आपला ‘विश्वास’ मात्र निराळ्या वाटेने आला. त्यात ‘श्वास’ आहे. ज्याच्यापाशी मोकळेपणी श्वास घेता येतो, त्याच्यावर विश्वास! मला तरी आपलाच शब्द अधिक गोड वाटतो.

आता कायद्याचा अर्थ. मध्ययुगीन इंग्लंडात जमीन एखाद्या स्नेह्याच्या नावे करून द्यावयाची व उत्पन्न मात्र आपल्या बायकामुलांस मिळावे असे ठरवून घ्यावयाचे, अशी चाल होती. पण स्नेही फिरला तर? नेहमीचे न्यायालय कागदावरील नाव पाही. मग लोक राजाच्या चॅन्सेलरकडे धाव घेत आणि तो त्या स्नेह्याच्या सदसद्विवेकबुद्धीस जाब विचारी. मालकी एकाची, लाभ दुसऱ्याचा, हा ट्रस्टचा गाभा तेथे तयार झाला. विश्वस्त कागदोपत्री मालक असला, तरी त्या मालमत्तेतील एक पैही त्याची नसते. जेथे विश्वस्त देणगीच्या रकमेस ‘आमचा पैसा’ म्हणू लागतात, तेथे ट्रस्ट फक्त पाटीवर उरतो.

हिंदुस्थानात खासगी ट्रस्टांचा कायदा १८८२ साली झाला. गंमत अशी की, त्याच वर्षी अमेरिकेत रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलच्या अनेक कंपन्यांचे भाग नऊ ट्रस्टींच्या हाती सोपविण्यात आले. तेव्हापासून तिकडे ‘ट्रस्ट’ म्हणजे मक्तेदारी, असा अर्थ रूढ झाला आणि १८९० मध्ये अशा ट्रस्टांविरुद्ध शर्मन कायदा करावा लागला. भरवशाचा शब्द, पण तिकडे तो शिवीसारखा झाला!

१८८२ च्या कायद्याने धर्मादाय निधी बाहेर ठेवले होते. त्यांच्यासाठी आपल्या मध्य प्रदेशात १९५१ चा लोकन्यास कायदा आहे. यातील ‘न्यास’ म्हणजे विश्वासाने ठेवावयास दिलेली परक्याची ठेव. शकुंतलेला सासरी पाठविल्यावर कण्वांना हलके वाटते, ते अशी ठेव धन्यास परत केल्यासारखे, असे कालिदासाने ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात दाखविले आहे, आणि तेथे त्याने योजलेला शब्द ‘न्यास’ हाच आहे.