पोरांच्या सहलींनी वैर मिटतं का?

प्रश्न : वैरी देशांत खेळाडू, कलावंत, विद्यार्थी यांची ये-जा वाढली की मैत्री होते, असं नेहमी वाचतो. भांडण सरकारांचं असताना पोरांच्या सहलींनी काय साधणार? एखादं पक्कं उदाहरण आहे का?

उत्तर : आहे. फ्रान्स आणि जर्मनीचं. १८७० ते १९४० या सत्तर वर्षांत जर्मन फौजा तीनदा फ्रान्समध्ये घुसल्या. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा या दोघांत मैत्री होईल, असं म्हणणाऱ्याला कुणी शहाणा म्हटलं नसतं.

सुरुवात झाली ती नगरपालिकांतून. १९५० मध्ये फ्रान्समधलं माँबेलियार आणि जर्मनीतलं लुडविग्सबुर्ग या दोन शहरांनी एकमेकांशी भगिनी-शहरांचं नातं जोडलं. माँबेलियारचे महापौर ल्युसियाँ थारादाँ स्वतः बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीतून वाचलेले. त्यांनीच हात पुढे केल्यावर शत्रूशी सलगी केल्याचा ठपका कोण ठेवणार? पुढे अशा जोड्या दोन हजारांवर गेल्या.

सप्टेंबर १९६२ मध्ये त्याच लुडविग्सबुर्गमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गोल जर्मन तरुणांपुढे चक्क जर्मन भाषेत बोलले. पहिल्या महायुद्धात हेच द गोल जर्मनांचे युद्धकैदी होते. चार महिन्यांनी, २२ जानेवारी १९६३ रोजी, त्यांनी आणि जर्मनीचे चॅन्सेलर आडेनॉवर यांनी एलिझे करारावर सह्या केल्या. संरक्षण आणि परराष्ट्र धोरणासोबत एकमेकांची भाषा शिकवणं आणि तरुणांच्या भेटीगाठी हीसुद्धा या कराराची कलमं होती. त्यातून त्याच वर्षी फ्रँको-जर्मन युवा कार्यालय उभं राहिलं. त्याचा खर्च दोन्ही सरकारं समसमान उचलतात. आजवर नव्वद लाखांहून जास्त तरुण त्यातून पलीकडे जाऊन आले.

याचं फळ सावकाश दिसलं. २००३ मध्ये दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांच्या युवा संसदेनं दोन्ही देशांसाठी एकच इतिहासाचं पुस्तक मागितलं. २००६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. मजकूर तोच, भाषा दोन. ज्या युद्धांत आजोबा-पणजोबा एकमेकांवर गोळ्या झाडत होते, त्यांचा इतिहास नातवंडं एकाच पुस्तकातून शिकू लागली.

आता तुमच्या शंकेतला खरा भाग. सहली एकट्या पुरल्या नसत्या. सोव्हिएत रशियाची धास्ती दोघांनाही होती. १९५१ च्या करारानं कोळसा आणि पोलाद एका सामाईक यंत्रणेखाली आणलं होतं, म्हणजे तोफा ओतण्याचा कच्चा मालच एकट्याच्या ताब्यात राहिला नाही. तह सरकारांनीच केला. तो पुढच्या पिढीच्या अंगवळणी पडला तो या भेटींमुळे.

आपल्याकडे १९८७ मध्ये पाकिस्तानचे अध्यक्ष झिया उल हक कसोटी सामना पाहायला जयपूरला आले. २००४ मध्ये भारतीय संघ पाकिस्तानात खेळला, तिथल्या प्रेक्षकांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर हे सगळं आटत गेलं. दोन्ही देशांतली शेवटची द्विपक्षीय मालिका २०१२-१३ ची. हल्ल्याचा घाव खोल होताच, पण त्या प्रेमाच्या पाठीशी ना करार होता, ना कायमची संस्था.

म्हणून यापुढे अशा भेटीची बातमी वाचलीत की दोनच गोष्टी पाहा : खर्च कोण करतंय आणि पुढच्या वर्षीची तारीख ठरली आहे का? दोन्हींचं उत्तर नसेल, तर तो समारंभ समजा.