हुबेहूब कोणासारखे?

आपल्या मंचर गावात गणेशोत्सवाच्या मंडपात कोणी जुने नाट्यपद म्हणू लागला, की श्रोत्यांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘हुबेहूब बालगंधर्व!’ दुसरा म्हणतो, ‘छे, त्यांची सर कोठून येणार!’ नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व १९६७ साली वारले, व त्यांच्या ऐन भराचा काळ तर त्याच्याही पुष्कळ आधीचा. तेव्हा हे दोन्ही पक्ष ज्याच्याशी तुलना करितात, तो गायक नव्हे. ती तबकडी होय.

तबकडीचे अंतरंग आधी पाहू. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. रंगभूमीवर मात्र ‘वन्स मोअर’च्या आरोळ्यांनी एकच पद कितीतरी लांबे, व प्रत्येक आवर्तनास नवी जागा निघे. शिवाय आरंभीच्या ध्वनिमुद्रणात विजेचा मायक्रोफोन नसे. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गावयाचे. अशा मुद्रणात आवाजातील बारीक नाद पुष्कळसे गळून जात.

गतीचा घोटाळा तर गणिताच्या तासाला सोडविण्याजोगा आहे. मिनिटास ७४ फेऱ्यांच्या गतीने मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली, तर प्रत्येक स्वराची कंपनसंख्या शेकडा पाचांहून थोडी अधिक वाढते. पेटीवरील लगतच्या दोन पट्ट्यांत सुमारे शेकडा सहांचे अंतर असते. म्हणजे गायक जवळजवळ एक पट्टी वर गेला, तान अधिक चपळ झाली, आणि आवाज अधिक कोवळा वाटू लागला! ‘तो गोडवा आता नाही’ असे म्हणण्यापूर्वी यंत्राची फिरकी तपासलेली बरी.

आता आजच्या गायकाकडे वळू. २०११ साली निघालेल्या ‘बालगंधर्व’ या चित्रपटात श्री. आनंद भाटे यांनी पार्श्वगायन केले व त्याबद्दल त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लहानपणीच त्यांस ‘आनंद गंधर्व’ म्हणू लागले होते, पुढे पं. भीमसेन जोशी यांची तालीम त्यांस लाभली. आमच्या मते त्यांचे खरे यश आवाजाच्या साम्यात नाही. त्यांच्या गळ्यास किराणा घराण्याचे वजन आहे, व ते त्यांनी लपविलेले नाही. साम्य आहे ते शब्द टाकण्यात : अक्षर कोठे लांबवावे, समेवर किती अलगद यावे, हरकत घेताना शब्दाचा अर्थ कसा मोडू देऊ नये.

तथापि एक गोष्ट कोणत्याही मैफलीत येणे नाही. १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकात खाडिलकरांची पदे व भास्करबुवा बखल्यांच्या चाली घेऊन बालगंधर्व उभे राहत, ते रुक्मिणी म्हणून. लाज, हट्ट, आनंद हे सारे त्याच गळ्यातून व त्याच अंगविक्षेपांतून प्रकट होई. चित्रपटात हे काम दोघांत वाटावे लागले : अभिनय श्री. सुबोध भावे यांचा, गळा भाट्यांचा. (साथीस ऑर्गन असे, हे ध्यानात ठेवा. आपल्या उपासनामंदिरात गीतांस आधार देणारे हेच वाद्य त्या काळी नाट्यगृहातही दुमदुमत होते.)

दुसरे उदाहरण घराण्यातलेच घ्या. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली आले; खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांची. ते १९८३ साली वारले, तेव्हा त्यांचे नातू श्री. राहुल देशपांडे चार वर्षांचेही नव्हते. पुढे तीच भूमिका राहुल यांनी रंगभूमीवर गाइली. रक्ताचे नाते असूनही आजोबांचे गाणे त्यांस मुख्यतः ध्वनिफितींतूनच घ्यावे लागले. म्हणून तेथेही मंडपातल्यासारखेच दोन पक्ष पडतात.

आता अभ्यास. एकच पद मूळ तबकडीवरून व आजच्या गायकाच्या मैफलीतून ऐका. पहिल्या वेळी केवळ शब्दांकडे लक्ष द्या. दुसऱ्या वेळी सम मोजा. आवाजाचा गोडवा सर्वांत शेवटी. वहीत दोन रकाने पाडून, जेथे आजचा गायक मूळ वाट सोडून गेला त्या जागा टिपून ठेवा, आणि ती वाट त्याने का सोडली असावी, हे शेजारी लिहा.