पदवी हाती आल्यावर

(उपदेशकांनी सायंकाळच्या सभेत वाचून दाखविण्याजोगा पाठ)

उन्हाळा सरत येतो, परीक्षांचे निकाल लागतात, आणि कर्जत व खालापूर तालुक्यांतील एखाद्या ठाकुरवाडीत मुलगा पदवीचा कागद घेऊन घरी येतो. कित्येक वाड्यांत तो पहिलाच पदवीधर असतो. कागद घरोघर फिरतो. ज्यांस वाचता येते ते वाचतात, ज्यांस येत नाही ते त्यावरील शिक्का पाहतात. चार दिवस आनंदात जातात. पाचव्या दिवशी प्रश्न उभा राहतो, "आता पुढे काय?"

बाप म्हणतो, सरकारी नोकरी धर. चुलता म्हणतो, मुंबईस जा, येथे काय ठेवले आहे? सोबती म्हणतात, आणखी एक परीक्षा देऊन पाहा. आई काहीच बोलत नाही. परंतु मुलगा कर्जत स्टेशनाच्या वाटेस लागला की ती दारात उभी राहून वाटेकडे पाहत असते. आणि मुलगा स्वतः? त्यास बहुधा कोणी विचारलेलेच नसते. विचारले तरी त्यास उत्तर देता येत नाही. कारण महाविद्यालयात पुष्कळ प्रश्नांची उत्तरे शिकविली गेली, पण हा प्रश्न कोणत्याही पुस्तकात नव्हता.

ह्या प्रश्नाचा आज आपण विचार करू. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, "मला काय मिळेल?" हा प्रश्न दुसरा होय, "माझ्या विद्येवाचून कोणाचे अडले आहे?" हा पहिला होय. मात्र त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर घरच्या माणसांस उपाशी ठेवून देऊ नये, आणि एकदा दिलेले उत्तर जन्माची बेडी आहे असेही समजू नये.

१. कोणाचे अडले आहे?

ह्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. माथेरानच्या डोंगरावर १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल ह्यांचा जन्म झाला. लोक त्यांस पुढे भाई कोतवाल म्हणू लागले. त्यांनी पुण्याच्या वाडिया कॉलेजात शिक्षण घेतले व पुढे कायद्याची पदवी मिळविली. त्या काळी गरीब घरातील मुलाने वकील व्हावे ही केवढी गोष्ट! शहरात राहून वकिली करावी, चार पैसे गाठीस बांधावे, असे त्यांनी केले असते तर कोणीही त्यांस दोष दिला नसता. पण ते आपल्या मुलुखाकडे वळले. माथेरानच्या नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले, खेड्यांतील मुलांसाठी त्यांनी सोबत्यांसह शाळा चालविल्या, आणि कर्जत तालुक्यातील गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या. १९४२ च्या चळवळीत त्यांनी उडी घेतली आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीस ते बळी पडले. हिराजी पाटील हेही त्यांच्याबरोबर तेथेच पडले.

त्यांच्या मरणाची कथा सर्वांस ठाऊक आहे व दरवर्षी सांगितली जाते. आज आम्हांस त्यांच्या धान्यकोठीकडे लक्ष वेधावयाचे आहे. कारण पदवीधराने काय करावे ह्याचा धडा तेथे आहे.

डोंगराकाठच्या शेतकऱ्याचे भात, नाचणी व वरी आषाढ-श्रावणात संपते. मग तो सावकाराकडून खावटी आणतो व पीक आल्यावर दिढीने फेडतो. म्हणजे ४ मण आणले तर ६ मण घालावयाचे. ह्यात फार काय बिघडले असे वाटेल. पण हिशेब मांडून पाहा. एका घरास वर्षास ४ मण धान्य कमी पडते असे धरू. पहिल्या वर्षी त्याने ४ मण खावटी आणली. पीक आले, त्यातून ६ मण गेले. आता पुढील वर्षी नेहमीची ४ मणांची तूट आणि गेलेले ६ मण, असे मिळून १० मण आणावे लागतात. त्याचे १५ मण फेडले की तिसऱ्या वर्षी १९ मण आणण्याची पाळी येते. दिढी नसती तर हाच आकडा ४, ८, १२ असा चालला असता. म्हणजे तिसऱ्या वर्षी १९ मणांपैकी ७ मण त्या घराने खाल्लेच नाहीत. ते केवळ दिढीने चढले. शेतकरी मात्र म्हणतो, "आमचे नशीबच खोटे."

गावाची कोठी असली म्हणजे सुगीत प्रत्येकाने आपापला वाटा तीत घालावयाचा, आणि पावसाळ्यात अडलेल्याने तेथून उचलावयाचे. तीमुळे जमीन वाढत नाही आणि तूटही एकदम नाहीशी होत नाही. परंतु कर्जावर कर्ज चढण्याचे थांबते, आणि उरलेली तूट मजुरी करून भरून काढण्याजोगी राहते. ही गोष्ट समजण्यास फार मोठी विद्या नको. पण ती कोणी तरी मांडून दाखवावी लागते, वही ठेवावी लागते, आणि सावकाराने डोळे वटारले तरी न डगमगणारा माणूस लागतो. शिकलेला मनुष्य वाडीस हवा तो ह्यासाठी. लोकांचे दुःख सर्वांस दिसत होते. त्यामागचा हिशेब शिकलेल्यास दिसावयास हवा होता. म्हणून पदवीधराने प्रथम आपल्या भोवती पाहावे आणि असे कोणते काम आहे की जे आपल्या विद्येवाचून अडून राहिले आहे, ह्याचा शोध करावा.

२. घरचे ऋण

येथे कोणी म्हणेल, "हे बोलणे ठीक, पण ज्याच्या शिक्षणासाठी बापाने बैल विकला आणि थोरल्या भावाने शाळा सोडली, त्याने सेवेच्या गोष्टी कशा कराव्या?" हा आक्षेप खरा आहे व तो टाळून जाणे बरे नव्हे. ह्याचे उत्तर कोकणातच जन्मलेल्या एका पुरुषाच्या चरित्रात सापडते.

गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. ते लहान असतानाच वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव ह्यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली, आणि त्यातून ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणास पाठवीत. १८८४ साली, वयाच्या १८ व्या वर्षी, गोखले पदवीधर झाले. वकील होऊन पुष्कळ पैसा मिळवावा असाही एक मार्ग त्यांच्यापुढे होता. पण ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा ३५ रुपयांवर शिक्षक झाले, आणि १८८६ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. वेतन दरमहा ७५ रुपये, आणि बंधन २० वर्षांचे.

ह्यात दोन गोष्टी ध्यानात धराव्या. पहिली ही की, त्यांनी फुकट काम पत्करले नाही. वेतन थोडे होते, पण ठरलेले होते. त्यात घर चालत होते. ज्या भावाने १५ रुपयांतील ८ रुपये दिले त्यास विसरून केलेल्या सेवेस आम्ही सेवा म्हणणार नाही. दुसरी ही की, त्यांचे बंधन मुदतीचे होते. "मी जन्मभर लोकांसाठी झटेन" असे भावनेच्या भरात म्हणणे सोपे असते. "इतकी वर्षे, इतक्या वेतनावर, अमुक काम करीन" असे म्हणून ते पार पाडणे कठीण, पण खरे. १९०२ सालापर्यंत गोखले ह्या शिक्षणाच्या कामात राहिले. देशाच्या कारभारात त्यांच्या शब्दास पुढे जे वजन आले, त्याचा पाया त्या वर्षांत घातला गेला.

म्हणून ज्या पदवीधराच्या घरावर कर्ज आहे, त्याने प्रथम प्रामाणिक नोकरी धरून ते फेडावे. तलाठ्याचे, वनरक्षकाचे, शिक्षकाचे वा परिचारिकेचे काम हीही लोकांची सेवाच होय, जर समोर उभ्या असलेल्या अडाणी माणसास "उद्या ये" म्हणून परत पाठविले नाही तर.

३. पहिले पाऊल हे शेवटचे नव्हे

आता मुलींविषयी. पदवी घेतलेल्या मुलीस तर "पुढे काय?" हे विचारलेच जात नाही, तिचे लग्न हेच उत्तर धरले जाते. अशा मुलींनी व त्यांच्या आईबापांनी ताराबाई मोडक ह्यांचे चरित्र जाणून घ्यावे. त्या १८९२ साली जन्मल्या व १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन-विद्यालयाच्या त्या प्राचार्य होत्या. ते मानाचे स्थान सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्याजवळ बालशिक्षणाचे काम करण्यास गेल्या. आणि १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र उघडले. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या वस्तीत, नेण्यात आले. अनुताई वाघ ह्या त्यांच्या सहकारिणी होत्या.

वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत अशी सर्वांची तक्रार होती. ह्या बायांनी तक्रार केली नाही. त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले गुरे सोडून येऊ शकत नाहीत असे दिसले, तेव्हा कुरणातच शाळा भरविली. पदवी मिळाल्यापासून ह्या कामापर्यंत ३१ वर्षे लोटली होती. जर २२ व्या वर्षीच त्यांस कोणी म्हटले असते की, "जन्माचे काम आजच सांग," तर त्यांस ते सांगता आले नसते. म्हणून तरुणांनो, पहिले पाऊल चुकेल ह्या भीतीने उंबरठ्यातच बसून राहू नका. पाऊल टाकल्यावाचून पुढची वाट दिसत नाही.

४. आज वाडीवर कोणते काम पडले आहे?

काळ बदलला, पण शिकलेल्या डोळ्यांची गरज संपली नाही. तीन कामे आम्ही उदाहरणादाखल सांगतो.

पहिले काम वनजमिनीचे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे, जो आदिवासी १३ डिसेंबर २००५ च्या पूर्वीपासून वनजमीन कसून पोट भरीत आहे, त्यास ४ हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. दावा ग्रामसभेपुढे मांडावयाचा असतो, आणि गावातील वडीलधाऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब हाही एक पुरावा धरला जातो. म्हातारा सांगेल, पण लिहील कोण?

दुसरे काम मालकीच्या जमिनीचे. कर्जत-खालापुराकडे शहरातील लोक शेतघरांसाठी जमिनी शोधीत येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ प्रमाणे, आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून जाऊ शकत नाही. हे ज्यास ठाऊक नाही तो दलालाच्या कागदावर अंगठा देऊन मोकळा होतो. पदवीधराने तो कागद एकदा मोठ्याने वाचून दाखविला, तरी एक शेत वाचेल.

तिसरे काम त्याच्या स्वतःच्या व धाकट्या भावंडांच्या उपयोगाचे आहे. राखीव जागेवर नोकरी मिळण्यास जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा असल्यामुळे, त्यापूर्वीच्या कागदांस फार वजन असते. पण ज्यांचे आजे-पणजे शाळेची पायरी चढले नाहीत, त्यांस शाळेचा दाखला कोठून मिळावा? तेव्हा महसुलाच्या व जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या धुंडाळाव्या लागतात. हे काम नोकरीची जाहिरात निघाल्यावर करू म्हटल्यास होत नाही. पहिल्या पदवीधराने आपल्या घरासाठी ते केले, तर पुढच्या दहा मुलांची वाट मोकळी होते.

ही तिन्ही कामे नोकरी करून सुटीच्या दिवशीही करता येतात हे विसरू नये.

५. दोन शब्द तरुणांस, दोन वडीलमंडळींस

तरुणांनो, स्पर्धापरीक्षा अवश्य द्या. परंतु आपली मुदत आरंभीच ठरवा. दोन वर्षे किंवा तीन वर्षे असे मनाशी व घरच्यांशी बोलून ठेवा. त्या काळात सकाळी अभ्यास आणि सायंकाळी वाडीच्या मुलांस शिकविणे असा क्रम ठेवा. मुदत संपताच दुसरा मार्ग धरण्यास लाजू नका. कारागिरी, शेती, दुकान ह्यांत पदवीस कमीपणा नाही. वाट पाहत रिकामे बसण्यात मात्र आहे.

आईबापहो, मुलाने शेतात पाऊल टाकले की, "ह्यासाठी का तुला शिकविले?" असे म्हणू नका. आणि तो दूर गेला तर, "आम्हांस विसरलास" असेही घाईने म्हणू नका. त्यास चार प्रश्न विचारा आणि उत्तर द्यावयास वेळ द्या. उपदेशकबंधूंनी अशा मुलाच्या घरी जाऊन त्याचे ऐकून घ्यावे. सल्ला देण्याची घाई करू नये. शाळा सुटल्यापासून त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारे माणूस त्यास क्वचितच भेटलेले असते.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या वाडीत असे कोणते काम आहे की जे केवळ लिहिता-वाचता येणारे माणूस नसल्यामुळे अडले आहे?
२. खावटीचा जो हिशेब वर दिला आहे, तो आपल्या घराचे आकडे घालून पाटीवर मांडून पाहा. तिसऱ्या वर्षी किती येतात?
३. आपल्या शिक्षणासाठी घरात कोणी काय सोडले? त्याची फेड कशी व किती दिवसांत करणार?
४. आपल्या मंडळीत ह्या वर्षी कोण पदवीधर झाले आहे? येत्या आठ दिवसांत त्याच्या किंवा तिच्या घरी कोण जाईल?