पायऱ्यांचे शहर : कोरियन चित्रपटांतील सोल

प्रस्तावना

चित्रपट पाहताना आपले लक्ष बहुधा कथेकडे आणि पात्रांच्या संवादांकडे असते. पात्र कोठे राहते, घरी पोचण्यासाठी त्याला किती पायऱ्या चढाव्या किंवा उतराव्या लागतात, त्याच्या खिडकीतून काय दिसते, याकडे आपण क्वचितच पाहतो. दक्षिण कोरियाची राजधानी सोल या शहरात घडणाऱ्या काही उत्तम चित्रपटांत मात्र निम्मी गोष्ट या पायऱ्या आणि खिडक्याच सांगतात. या पाठात अशा काही चित्रपटांचा परिचय करून घेत तुम्ही चित्रपटातील ‘स्थळ’ वाचायला शिकणार आहात.

पाठ

सोल हे डोंगरटेकड्यांचे शहर आहे. मधून हान नदी वाहते आणि जुन्या शहराच्या दक्षिणेस नामसान ही टेकडी उभी आहे. १९५० ते १९५३ या काळातील कोरियन युद्धात हे शहर चार वेळा एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेले. युद्ध थांबले तेव्हा शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला होता आणि उत्तरेकडून आलेले निर्वासित व खेड्यांतून आलेले मजूर मिळेल त्या उतारावर झोपड्या बांधून राहत होते. १९६० साली सुमारे २४ लाख असलेली लोकसंख्या १९८८ च्या सुमारास १ कोटीवर गेली. टेकड्यांवरच्या अशा वस्त्यांना कोरियन भाषेत ‘तालदोंगने’, म्हणजे ‘चंद्राची वस्ती’ म्हणतात. चंद्र जवळ वाटावा इतक्या उंचावर ती घरे असत. नाव काव्यमय आहे. पण तेथे राहणाऱ्यांना रोज तो चढ चढावा लागे.

यू ह्योन-मोक यांनी दिग्दर्शित केलेला ‘ओबालथान’ हा १९६१ चा चित्रपट अशाच एका वस्तीत घडतो. नामसानच्या उतारावरील ‘हेबांगछोन’, म्हणजे ‘मुक्तिग्राम’, ही ती निर्वासितांची वस्ती. नायक छोल-हो हा हिशेबनिसाच्या कचेरीतील साधा कारकून. त्याची दाढ दुखते आहे, पण दंतवैद्याकडे जाण्याइतके पैसे नाहीत. युद्धाने भ्रमिष्ट झालेली आई अंथरुणावर पडून मध्येच ‘चला, जाऊ या!’ असे ओरडते. बहीण अमेरिकन सैनिकांकडे देहविक्रय करते, धाकटा भाऊ बँक लुटायला जातो, पत्नी बाळंतपणात दगावते. शेवटी छोल-हो टॅक्सीत बसतो. प्रथम घरी नेण्यास सांगतो, मग रुग्णालयात, मग पोलीस ठाण्यात. कोठे जायचे हेच त्याला उमगत नाही. नेम चुकून भरकटलेल्या गोळीसारखे गिऱ्हाईक मिळाले, असे टॅक्सीवाला म्हणतो आणि चित्रपटाचे नाव तेथून येते. त्याच वर्षी मे महिन्यात झालेल्या लष्करी उठावानंतर या चित्रपटाचे प्रदर्शन थांबवण्यात आले. आईची ती हाक उत्तर कोरियाकडे चला अशी तर नाही ना, हा संशय त्यामागे होता. एका वेड्या म्हातारीच्या दोन शब्दांना राज्यकर्ते किती भ्यावेत!

सत्तरच्या दशकात हान नदीच्या दक्षिणेकडील शेते विकत घेऊन तेथे गंगनम हा नवा, श्रीमंत भाग उभारला जाऊ लागला. ली जांग-हो यांच्या १९८० च्या ‘वाऱ्याचा सुखद दिवस’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या चित्रपटात गावाकडून आलेले तीन तरुण या नव्या वस्तीच्या कडेला कामे करतात. एक चिनी खानावळीतून घरोघर जेवण पोचवतो, दुसरा न्हाव्याच्या दुकानात आहे, तिसरा लॉजमध्ये. तिघेही मोठ्यांच्या घरांच्या दारापर्यंत जातात आणि तेथूनच परततात.

ऑलिंपिक स्पर्धा सोलमध्ये झाल्या त्या वर्षी, १९८८ साली, पार्क क्वांग-सू यांचा ‘छिल्सू आणि मान्सू’ आला. हे दोघे इमारतींवरील जाहिरातींचे प्रचंड फलक रंगवणारे कारागीर आहेत. मान्सूचे वडील राजकीय कैदी असल्यामुळे त्याच्यासाठी पुढचे सगळे दरवाजे बंद झाले आहेत. चित्रपटाच्या शेवटी काम संपवून दोघे फलकाच्या माथ्यावर बसतात, थोडी दारू पितात आणि खालच्या शहराकडे पाहून मनातली भडास मोठ्याने ओरडून काढतात. त्यांचे शब्द खाली कोणालाच नीट ऐकू येत नाहीत. रस्त्यावर गर्दी जमते, पोलीस येतात. हे संपकरी कामगार असून काही मागण्या करीत आहेत, असा सर्वांचा समज होतो. दोघांना आयुष्यात प्रथमच शहराच्या डोक्यावर बसायला मिळाले होते. तेवढ्यातून शोकांतिका घडते. उंचावर असणे आणि वरच्या दर्जाचे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कोणत्या चित्रपटाने क्वचितच सांगितले असेल.

ही गोष्ट सोलमधील भाडेकरूंना पुस्तकाविनाही ठाऊक आहे. अर्धतळघर, गच्चीवरची खोली आणि ‘कोशिवोन’ नावाची, जेमतेम अंथरूण मावेल एवढी भाड्याची कोठडी, या तिन्हींच्या नावांतील एकेक अक्षर घेऊन त्यांनी ‘जिओक्को’ असा शब्द बनवला आहे. ऐकताना तो ‘नरकयातना’ असा ऐकू येतो.

ली छांग-दोंग यांच्या ‘बर्निंग’ (२०१८) या चित्रपटात हेमी नावाच्या तरुणीची खोली नामसानच्या पायथ्याशी, उत्तरेला तोंड करून आहे. सूर्य तिच्या खोलीत थेट येत नाही. नामसानवरील मनोऱ्याच्या काचेवरून परावर्तित झालेला प्रकाशाचा तुकडा दिवसातून एकदाच, क्षणभर भिंतीवर पडतो. ऊन हीदेखील या शहरात वाट्याने मिळणारी वस्तू आहे. त्याच चित्रपटातील धनिक तरुण बेन नदीपलीकडे प्रशस्त, उजेडाच्या घरात राहतो. तो कोणता व्यवसाय करतो, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही.

जोन को-उन या दिग्दर्शिकेच्या ‘माइक्रोहॅबिटॅट’ (२०१७) या चित्रपटातील मिसो ही घरकाम करणारी स्त्री आहे. नववर्षाबरोबर सिगारेटी महागतात आणि घरभाडेही वाढते. रोजचा व्हिस्कीचा एक पेला आणि सिगारेट सोडण्याऐवजी ती घरच सोडते! मग अंड्यांचा ट्रे भेट म्हणून हाती घेऊन ती जुन्या मित्रमैत्रिणींच्या दारी एकेक रात्र काढते. त्यांच्यापैकी एकाने कर्ज काढून सदनिका घेतली आहे. बायको निघून गेली आहे, हप्ते मात्र वर्षानुवर्षे फेडायचे आहेत. त्या घरात बसून तो रडतो. मिसोचा निर्णय काहींना बेजबाबदार वाटेल. पण घर असलेल्या त्या मित्राहून ती अधिक दुःखी दिसत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या सर्वांत जगभर पोचला तो बोंग जून-हो यांचा ‘पॅरासाइट’. २०१९ साली त्यास कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये चार ऑस्कर मिळाले. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळण्याची ती पहिलीच वेळ. किम कुटुंब ‘बांजिहा’त, म्हणजे अर्धे जमिनीखाली असलेल्या घरात राहते. त्यांची खिडकी रस्त्याच्या पातळीला असल्याने बाहेरचा दारुडा भिंतीशी लघवी करतो ते त्यांना जेवताना दिसते. शौचकूप घरातील सर्वांत उंच जागी, चौथऱ्यावर बसवले आहे, कारण सांडपाणी वाहून नेणारी गटारे घराहून वर आहेत. फुकटचे वाय-फाय तेवढ्या जागीच मिळते म्हणून भाऊ-बहीण तेथे फोन घेऊन उकिडवे बसतात. पार्क कुटुंबाचे घर टेकडीवर, हिरवळीसमोर आहे. टेकडी तीच, जिच्यावर छोल-होसारख्यांच्या झोपड्या असत. फरक एवढाच की पार्क मोटारीतून वर येतात.

मुसळधार पावसाच्या रात्री बाप, मुलगा आणि मुलगी या बंगल्यातून लपत बाहेर पडतात आणि घराकडे निघतात. हा प्रसंग लक्षपूर्वक पाहावा. ते उतरतात, बोगद्यातून जातात, पुन्हा उतरतात. पायऱ्या संपतच नाहीत आणि पाणी त्यांच्याबरोबर खाली धावते. घरी पोचतात तो गटाराचे पाणी छातीपर्यंत आलेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्कबाई मोटारीत बसून फोनवर मैत्रिणीला सांगतात की, पावसाने हवा कशी स्वच्छ झाली! पुढे बसून गाडी चालवणारा किम हे ऐकत असतो. रात्र त्याने मदतछावणीत काढलेली असते. या चित्रपटाची मांडणी कधीकधी जरा जास्तच आखीव वाटते. ‘ओबालथान’मधील ओबडधोबड वेदना तिच्यात नाही. परंतु हे एकच दृश्य तो आक्षेप पुसून टाकते.

बांजिहा ही दिग्दर्शकाची कल्पना नव्हे. उत्तर कोरियाशी तणाव वाढल्यावर, १९७० साली, नव्या इमारतींना संकटकाळी आश्रयासाठी तळघर असावे असा नियम झाला. ते राहण्यास देणे तेव्हा बेकायदा होते. पुढे घरांची टंचाई वाढली आणि ऐंशीच्या दशकात त्यास मान्यता मिळाली. २०२० साली सोलमधील सुमारे २ लाख कुटुंबे अशा घरांत राहत होती. चित्रपटातील ती गल्ली मात्र पाण्याच्या मोठ्या टाकीत उभारलेला देखावा होता; चित्रीकरणापुरता पूर आणला आणि काढून घेतला.

८ ऑगस्ट २०२२ च्या रात्री सोलमध्ये खरोखरच विक्रमी पाऊस झाला. ग्वानाक भागातील एका बांजिहात पाणी शिरले. बाहेरील पाण्याच्या दाबाने दार उघडेना आणि एकाच कुटुंबातील तिघी जणी आत बुडून मरण पावल्या. त्यांत १३ वर्षांची एक मुलगी होती. त्यानंतर अशा घरांना यापुढे राहण्यासाठी परवानगी न देण्याचे व जुनी घरे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे महापालिकेने जाहीर केले. कित्येक रहिवाशांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला : एवढ्या भाड्यात जायचे कोठे?

शब्दार्थ

भ्रमिष्ट : वेडसर झालेला. देहविक्रय : पैशांसाठी शरीरविक्रय. परावर्तित : आदळून परत फिरलेला. सदनिका : फ्लॅट. आखीव : आधी रेषा मारून केल्यासारखा नेमका.

स्वाध्याय

१. ‘छिल्सू आणि मान्सू’ या चित्रपटातील दोघांच्या ओरडण्याचा लोकांनी कोणता अर्थ लावला? तसा अर्थ का लावला गेला असावा?

२. पार्कबाईंचे फोनवरील बोलणे चुकीचे आहे काय? किमच्या जागी स्वतःला कल्पून आठ-दहा ओळी लिहा.

३. तुम्ही राहता त्या गावात किंवा शहरात पावसाचे पाणी प्रथम कोणाच्या घरात शिरते? तेथील एखाद्या व्यक्तीशी बोलून तिची हकिगत तिच्याच शब्दांत लिहून काढा.