परदेशातला फोन आणि आईचे इन्सुलिन

नोव्हेंबरच्या सुरुवातीची, एका सोमवारच्या रात्रीची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एक निवृत्त शिक्षिका, वय ६४, बारा वर्षांपासून मधुमेह. मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला नोकरीला आहे. ती रोज जेवणाच्या सुट्टीत, तिकडच्या दुपारी साडेबाराला फोन लावायची. इकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असायचे. बाई एकट्या राहतात. एकटीला घास गोड लागत नाही म्हणून त्यांनी आपले जेवणच दहावर नेले होते. साडेनऊला इन्सुलिन टोचायचे, ताट वाढायचे, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा आणि लेकीशी बोलत जेवायचे.

त्या सोमवारी दहा वाजले, फोन आला नाही. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. "कामात असेल, येईल आता," म्हणून त्या वाढलेल्या ताटासमोर बसून राहिल्या. पावणेअकराला अंगाला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी शेजारी हाक गेली. शेजारची सून धावत आली, तिने साखरपाणी पाजले म्हणून निभावले. अकरा वाजता फोन वाजला. मुलगी नेहमीप्रमाणे साडेबारालाच सुट्टीवर आली होती. तिचे काहीही चुकले नव्हते. आदल्या रविवारी पहाटे अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे घेतली गेली होती, एवढेच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाईंनी मला विचारले, "डॉक्टर, घड्याळ असं मधेच कसं काय बदलतं हो? आपलं तर कधी बदलत नाही." प्रश्न रास्त आहे, आणि हल्ली आपल्या कितीतरी घरांतली मुले शिक्षणाला, नोकरीला बाहेरदेशी असल्यामुळे तो एकट्या बाईंचा राहिलेला नाही.

पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. जो देश पूर्वेला, तिथे सूर्य आधी उगवतो, म्हणून त्याचे घड्याळ पुढे. भारताने उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणारे ८२.५ अंश पूर्व रेखांश प्रमाण मानले, त्यामुळे आपली वेळ इंग्लंडमधील ग्रीनविचच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. (एके काळी मुंबई शहराची स्वतःची वेगळी वेळ होती, भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे. तेव्हाच्या रेल्वेच्या प्रवाशांची काय गंमत होत असेल!) दुबई आपल्या दीड तास मागे, सौदी अरेबिया अडीच तास मागे. सिंगापूर अडीच तास पुढे, जपान साडेतीन तास पुढे. हे आकडे वर्षभर तेच राहतात. ते एकदा पाठ केले की झाले.

घोटाळा होतो तो अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याचशा भागाचा. तिथे उन्हाळ्यात संध्याकाळचा उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून घड्याळ एक तास पुढे करतात आणि थंडीत परत मागे घेतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. इंग्लंड आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. म्हणून न्यू यॉर्क, न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, तर हिवाळ्यात साडेदहा तास. कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा. लंडन साडेचार आणि साडेपाच. जर्मनी साडेतीन आणि साडेचार. ऑस्ट्रेलियातले सिडनी आपल्या पुढे आहे आणि तिथले ऋतूही उलटे: एप्रिल ते सप्टेंबर साडेचार तास पुढे, ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत साडेपाच तास.

लंडनसाठी एक सोपी युक्ती आहे. काट्यांचे गोल घड्याळ उलटे धरा, म्हणजे बारा खाली आणि सहा वर. आपल्याकडे सकाळचे नऊ असतील तर उलट्या घड्याळात साडेतीन दिसतील. लंडनला हिवाळ्यात तेव्हा पहाटेचे साडेतीनच वाजलेले असतात. तासकाटा थोडा इकडेतिकडे दिसतो, पण मिनिटकाटा बरोबर बसतो. नातवंडांना हे करून दाखवा, त्यांना फार आवडते.

आता बाईंच्या तब्येतीकडे येऊ. इन्सुलिन टोचल्यावर ते शरीरात आपले काम सुरू करते, ते फोनची वाट पाहत नाही. पोटात अन्न गेले नाही तर रक्तातली साखर खाली येतच राहते. घाम, थरथर, धडधड, खूप भूक, चिडचिड, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटले की जेवण द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. थेट दवाखाना गाठावा. इन्सुलिनच नव्हे, मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही असेच होऊ शकते. आपली गोळी त्यातली आहे का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

बाईंच्या वहीत आणखी एक गोष्ट सापडली. सकाळची उपाशीपोटीची साखर आणि रक्तदाब दोन्ही वर्षभर चढते होते. आम्ही औषधे वाढवत होतो. खरे कारण असे की रात्री दहाला जेवण, अकरापर्यंत गप्पा, मग लेकीच्या आठवणीने तासभर झोप नाही आणि पहाटे पाचला सवयीने जाग. म्हणजे जेमतेम पाच तास झोप. मोठ्या माणसालाही निदान सात तास लागतात. आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे, ते डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर चालते. अंधार पडला की झोप आणणारा मेलाटोनिन हा स्राव वाढतो. या शरीरघड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पचन, रक्तदाब, साखर या सगळ्यांचा दिवसाचा ताल त्याच्याशी बांधलेला असतो. आपण इथे राहून न्यू जर्सीच्या दुपारी जेवू लागलो की तो ताल बिघडतो.

उपाय साधा होता, पण त्याला मुलीची साथ लागली. तिने फोन आपल्या रात्री नऊला करायचे ठरवले. म्हणजे इकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. आता आई चहा घेता घेता बोलते आणि मुलगी झोपायला जाते. बाई रात्री आठला जेवतात, जेवण समोर आल्याशिवाय सुई हातात घेत नाहीत आणि किती वेळ आधी टोचायचे ते डॉक्टरांनी सांगितले तसेच पाळतात. मुलगा कॅलिफोर्नियात असेल तर त्याच्या रात्री आठला फोन घ्यावा. इकडे सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ होतात.

आखातातल्या कामगारांच्या घरच्यांना वेगळे सांगायचे आहे. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला मनाई असते. आपल्याकडे तेव्हा दोन ते साडेचार वाजलेले असतात. घरी कामे उरकून बायका नेमक्या याच वेळी फोन लावतात. बांधकामावरच्या माणसाची ती उन्हातून सुटलेली, पाठ टेकण्याची वेळ असते. त्याला झोपू द्या, रात्री साडेआठला बोला. तिकडे सात वाजलेले असतील. नवरा रात्रपाळीला असेल तर त्याची दिवसाची झोप हीच त्याची रात्र आहे.

लेकीच्या बाळंतपणाला विमानाने जायचे असेल तर निदान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. मुंबईहून न्यू यॉर्कला जाताना तो दिवस २४ तासांचा न राहता साडेतेहेतीस-साडेचौतीस तासांचा होतो, आणि परत येताना साडेतेरा-साडेचौदा तासांत संपतो. जाताना दोन इन्सुलिनमधले अंतर लांबते, येताना डोस एकमेकांवर चढतात. येतानाचा धोका मोठा, आणि त्याचाच विचार कोणी करत नाही. जायचा आणि यायचा असे दोन्ही तक्ते कागदावर लिहून घ्या. हातातले घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा, म्हणजे शेवटचा डोस होऊन किती तास झाले ते कळेल. फिट्सच्या गोळ्यांचेही असेच, त्यांच्यात ठरलेले अंतर राखावे लागते. राहिलेली गोळी भरून काढायला दोन एकदम कधीही घेऊ नका. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा; विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन वाया जाते. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, आपल्याकडची कंपनीची नावे तिकडे कोणी ओळखत नाही.

पोचल्यावर शरीर दिवसाला साधारण तासभर सरकते. म्हणजे अमेरिकेत आठ-दहा दिवस दुपारी पेंग आणि रात्री टक्क जाग राहणारच. सकाळी उजेडात फिरा, दुपारी झोपलातच तर अर्ध्या तासावर उठा. जेवण सूर्यावर नको, घड्याळावर हवे. लंडनला जूनमध्ये रात्री नऊनंतर सूर्य मावळतो आणि डिसेंबरात चारच्या आधीच. दिवेलागणीला जेवणाऱ्या माणसाने तिथे काय करावे?

जवळच्या प्रवासालाही हे लागू आहे. लुंबिनीला जाणाऱ्यांनी नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे आहे हे लक्षात ठेवावे. परतीची बस तेवढ्यानेही चुकते. श्रीलंकेची वेळ मात्र आपलीच आहे.

बाईंनी त्या रात्रीनंतर मला आणखी एक कबुली दिली. मागच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखले होते. लेकीला विचारल्याशिवाय दवाखान्यात कसे जायचे, आणि तिकडे तर मध्यरात्र, म्हणून त्या सकाळी दहा वाजल्यापासून संध्याकाळपर्यंत थांबल्या होत्या. सुदैवाने ते पित्ताचे निघाले. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही झाले तर आधी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. मुलांना दवाखान्याच्या वाटेवरून कळवता येते, मग तिकडे कितीही वाजलेले असोत. बाईंच्या मुलीनेच हे घरी ठणकावून सांगितले आहे. शेजारच्या सुनेचा नंबर तिच्याकडे आणि तिचा नंबर सुनेकडे आहे, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारभोवती लाल पेनाने गोल केलेला आहे.