नकाशावरील रेषा आणि कड्यावरील शिवालय

थायलंड व कंबोडिया यांच्या सीमेवरील दांग्रेक पर्वतात, मैदानापासून सुमारे ५०० मीटर उंच कड्यावर, ख्मेर राजांनी बांधलेले प्रेह विहिआर हे प्राचीन शिवमंदिर उभे आहे. त्यावरून या शेजाऱ्यांत जो कलह माजला त्याचे मूळ फ्रेंच वसाहतकाळातील दप्तरात सापडते.

कंबोडिया तेव्हा फ्रान्सच्या अंमलाखाली होता. १९०४ साली फ्रान्स व सयाम (आजचे थायलंड) यांच्यात करार होऊन येथील सीमा जलविभाजक रेषेने, म्हणजे पावसाचे पाणी ज्या माथ्यावरून दोन्ही अंगांस वाहून जाते त्या रेषेने, जावी असे ठरले. सयामजवळ पुरेशी तांत्रिक साधने नसल्याने त्याच्याच विनंतीवरून नकाशांचे काम फ्रेंच अधिकाऱ्यांकडे गेले. पॅरिसमध्ये छापलेले ११ नकाशे १९०८ साली बँकॉकला पोहोचले. त्यांपैकी दांग्रेकच्या नकाशात मंदिर कंबोडियाच्या हद्दीत होते.

सयामने हरकत घेतली नाही. उलट गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी आभार मानून प्रांताधिकाऱ्यांसाठी आणखी १५ प्रती मागविल्या! १९३० मध्ये ते मंदिर पाहावयास गेले, तेव्हा फ्रेंच ध्वजाखाली फ्रेंच अधिकाऱ्याने त्यांचे स्वागत केले; तेव्हाही निषेधाचा शब्द निघाला नाही. १९३४-३५ च्या मोजणीत नकाशा व जलविभाजक यांतील तफावत सयामच्या लक्षात आली. तरी जुनाच नकाशा वापरात राहिला.

कंबोडिया १९५३ मध्ये स्वतंत्र झाल्यानंतर थायलंडने मंदिरावर आपले रक्षक नेमले. १९५९ मध्ये कंबोडियाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. १५ जून १९६२ रोजी ९ विरुद्ध ३ मतांनी निकाल लागला, तो कंबोडियाच्या बाजूने. रेषा जलविभाजकाशी जुळते की नाही, हे तपासण्याची न्यायालयाला गरजच भासली नाही. सयामने इतकी वर्षे मौन पाळले, ती त्याची संमतीच ठरली.

मंदिराचा प्रश्न सुटला. भोवतालच्या जमिनीचा तसाच राहिला. २००८ मध्ये मंदिर जागतिक वारसा यादीत येताच चकमकी सुरू झाल्या. २०१३ मध्ये न्यायालयाने जुन्या निकालाचा अर्थ स्पष्ट केला आणि मंदिराचा संपूर्ण सुळका कंबोडियाचा ठरविला. सीमेच्या इतर भागांविषयी मात्र त्याने निर्णय दिला नाही. जुलै २०२५ मध्ये याच सीमेवर पुन्हा तोफा धडाडल्या आणि हजारो ग्रामस्थांना घरेदारे सोडावी लागली.